सीबॅमचा आकडा, वार्षिक उत्सर्जन अहवाल आणि कार्बन क्रेडिट: कोणाला नेमके काय द्यायचे?

बोल्ट_निर्यात

नमस्कार. हाय टेन्साइल पोलादी बोल्ट बनवून युरोपीय संघात पाठवणाऱ्या कारखान्याचा प्रश्न आहे. कारखाना संघाबाहेर आहे. वायर रॉड (ज्यातून तार ओढतात तो पोलादी गज) दोन गिरण्यांकडून येतो, त्यातला काही भाग व्यापाऱ्यामार्फत. आमच्याकडे तार ओढणे, कोल्ड फोर्जिंग, थ्रेड रोलिंग आणि गॅसवरच्या भट्टीत हार्डनिंग-टेम्परिंग होते.

सध्या तीन मागण्या एकदम आल्या आहेत. युरोपातल्या आयातदाराला सीबॅमसाठी, म्हणजे आयात मालावरच्या युरोपीय संघाच्या कार्बन शुल्कासाठी, दर टन बोल्टमागचे उत्सर्जन हवे आहे. दुसऱ्या एका ग्राहकाला स्कोप १ (स्वतःचे थेट उत्सर्जन), २ (विकत घेतलेल्या विजेचे) आणि ३ (पुरवठा साखळीतले बाकीचे) असा कंपनीचा वार्षिक अहवाल हवा आहे. आणि संचालक मंडळाने २०५० चे नेट झिरो (निव्वळ शून्य उत्सर्जन) जाहीर केले आहे. सल्लागाराचे म्हणणे असे की एकदा कंपनीचा कार्बन फूटप्रिंट काढा, त्याला उत्पादनाच्या टनांनी भागा, तोच आकडा सगळीकडे द्या. छतावरची सौर वीज वजा करा आणि उरलेल्याची कार्बन क्रेडिट (दुसरीकडच्या प्रकल्पाने केलेल्या घटीचे विकत मिळणारे हक्क) घेऊन टाका. हे चालेल का? नसेल तर सुरुवात कुठून करावी?

पडताळणी_टेबल

नाही, चालणार नाही. हे तीन वेगळे हिशेब आहेत. त्यांची हद्द वेगळी, नियम वेगळे आणि चुकल्यास होणारे नुकसानही वेगळे. एकाच आकड्याने तिघांना उत्तर दिले तर तिन्हीकडे चुकीचे उत्तर जाते.

सीबॅमपासून सुरू करतो, कारण तिथे थेट पैसे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा फक्त माहिती देण्याचा काळ होता. १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर प्रमाणपत्रे घ्यावी लागतात, टन उत्सर्जनामागे एक. ती तुम्ही नव्हे, अधिकृत आयातदाराने घ्यायची. २०२६ च्या मालासाठीची प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून विक्रीला येतील आणि वार्षिक घोषणापत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचे आहे. तुमचे काम आकडा आणि पुरावा देण्याचे. आधी आयातदाराला एक प्रश्न विचारा: सीबॅमखाली येणारा त्याचा सगळा माल मिळून वर्षाला ५० टनांच्या वर जातो का? ही मर्यादा आयातदाराच्या एकूण वजनावर आहे, प्रत्येक पुरवठादारावर किंवा खेपेवर नाही. तो त्याखाली असेल तर त्याला बंधन नाही आणि तुमची निम्मी धावपळ वाचते.

बोल्ट सीमाशुल्काच्या ७३१८ या सीएन कोडमध्ये येतात, म्हणजे लोखंड-पोलाद या गटात. या गटासाठी प्रमाणपत्रे फक्त थेट उत्सर्जनावर लागतात. सिमेंट आणि खतांना विजेचे उत्सर्जनही धरतात, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमला नाही. त्यामुळे सौर वीज वजा करण्याचा प्रश्न इथे उद्भवतच नाही. सौर पॅनेल जरूर लावा, पण त्याने सीबॅमचा आकडा एक किलोनेही उतरणार नाही.

आता आकडा कुठून येतो ते उदाहरणाने पाहू. माझे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे घालून पुन्हा करा. १ टन बोल्टला १.०८ टन वायर रॉड लागतो असे धरू. रॉड ब्लास्ट फर्नेसच्या (कोक वापरून लोहखनिज वितळवणाऱ्या भट्टीच्या) मार्गाचा असेल आणि त्याचे थेट उत्सर्जन टनाला २.१ टन कार्बन डायऑक्साइड असेल, तर १.०८ × २.१ = २.२७ टन. भट्टीला टनामागे २.२ गिगाज्यूल गॅस लागत असेल तर ५६.१ किलो प्रति गिगाज्यूलने ०.१२ टन. बेरीज २.३९. म्हणजे तुमच्या धुराड्यातून निघणारा वाटा जेमतेम ५ टक्के आहे, बाकी सगळे रॉडमधून आलेले. भट्टीची प्रक्रिया तुमच्या सीएन कोडच्या हद्दीत धरायची की नाही हे सध्याच्या पद्धती-नियमातून पाहून घ्या. पण ती धरली काय, वगळली काय, आकड्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो गिरणी बदलल्यावर. तोच रॉड भंगारावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक आर्क फर्नेसचा असेल आणि थेट उत्सर्जन समजा ०.३५ असेल, तर रॉडचा वाटा ०.३८ वर येतो.

१.०८ टन रॉडमधून १ टन बोल्ट झाल्यावर उरणाऱ्या ०.०८ टन भंगाराबद्दल एक गोष्ट. ते विकता म्हणून त्याचे उत्सर्जन वजा करता येत नाही. सीबॅममध्ये भंगाराला शून्य उत्सर्जन धरतात, त्यामुळे संपूर्ण १.०८ टनाचा भार चांगल्या बोल्टवरच बसतो. यील्ड (रॉडमधून मिळणाऱ्या चांगल्या बोल्टचे प्रमाण) १ टक्क्याने सुधारली तर आकडाही जवळपास तेवढाच उतरतो, आणि हा बदल पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

गिरणीकडे मागायचे ते असे: संयंत्राचे नाव व ठिकाण, उत्पादनाचा मार्ग, कोणत्या कालावधीचा आकडा, दर टन थेट उत्सर्जन, त्यात आलेले पूर्वमाल (पिग आयर्न, स्पंज आयर्न, फेरो-मॅंगनीज वगैरे) धरले आहेत का, आणि पडताळणी अहवाल. बहुतेक गिरण्या याऐवजी ईपीडी (उत्पादनाचे पर्यावरणविषयक घोषणापत्र) पाठवतात. ते इथे वापरू नका. ईपीडीत खाणकाम, वाहतूक आणि वीजही असते, कधी शेवटी भंगाराचा लाभ वजा केलेला असतो. सीबॅमची हद्द त्याहून निराळी आहे. तसेच 'हरित टन' म्हणून कागदोपत्री वाटून दिलेली घट इथे मानली जात नाही. त्या संयंत्रातल्या त्या प्रक्रियेचे प्रत्यक्ष उत्सर्जनच लागते.

दोन गिरण्यांचा माल असेल तर सरासरी काढताना खरेदीचे नव्हे, त्या काळात प्रत्यक्ष वापरलेल्या टनांचे भार घ्या. हीट नंबर (गिरणीत एकदा वितळवलेल्या पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) कॉइलपासून बोल्टच्या लॉटपर्यंत पोहोचत असेल तरच हे शक्य आहे. व्यापाऱ्याकडच्या मालात साखळी इथेच तुटते: मिल टेस्ट सर्टिफिकेट असते, पण गिरणीचा उत्सर्जन आकडा नसतो.

हरित_ताळेबंद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. वार्षिक अहवालाचे मी लिहितो.

कंपन्यांचे उत्सर्जन मोजण्याच्या जीएचजी प्रोटोकॉल या प्रचलित पद्धतीच्या कॉर्पोरेट मानकाप्रमाणे पहिला निर्णय हद्दीचा: भागभांडवलाच्या प्रमाणात, आर्थिक नियंत्रणाने की कार्यकारी नियंत्रणाने. कारखाना चालवणाऱ्या बहुतेक कंपन्यांना शेवटचा सोयीचा पडतो. प्लेटिंग बाहेरून करून घेत असाल तर या पद्धतीत ते स्कोप ३ मध्ये जाते. निर्णय एकदा लिहून ठेवा आणि दरवर्षी तोच पाळा. आकडा चांगला दिसावा म्हणून मध्येच हद्द बदलणे अहवाल तपासणाऱ्याच्या सर्वात आधी लक्षात येते.

स्कोप १ मध्ये लोक डिझेल आणि गॅस धरतात आणि थांबतात. गॅसमध्ये नेहमीची गफलत उष्मांकाची आहे. बिल बहुधा ग्रॉस उष्मांकावर (धुरातल्या वाफेची उष्णता धरून) असते आणि ५६.१ हा आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा) गुणक नेट उष्मांकावर (ती वगळून) आहे. सरळ गुणले तर उत्सर्जन सुमारे ११ टक्के जास्त निघते. डिझेलला लिटरमागे साधारण २.६८ किलो धरा. मग राहून जाणाऱ्या दोन गोष्टी. एक, भट्टीत संरक्षक वातावरणासाठी सोडलेले मिथेनॉल. ते इंधन म्हणून खरेदी होत नाही, रसायनांच्या खात्यात लपलेले असते; पूर्ण ऑक्सिडेशन धरले तर किलोमागे १.३७५ किलो कार्बन डायऑक्साइड. दोन, एसी आणि चिलरमध्ये भरलेला वायू. आर-४१०ए या वायूचा तापमानवाढ गुणांक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट परिणाम) आयपीसीसीच्या पाचव्या अहवालाप्रमाणे १,९२४ आहे. वर्षात १० किलो टॉप-अप केला म्हणजे १९ टनांहून जास्त, म्हणजे साधारण ७,२०० लिटर डिझेल जाळल्याइतके. देखभाल कंत्राटदाराच्या बिलावर किलो लिहिलेले नसतील तर आजपासून लिहून घ्यायला सांगा.

स्कोप २ दोन पद्धतींनी दाखवायचा, ही २०१५ च्या मार्गदर्शिकेची अट आहे. लोकेशन-बेस्ड म्हणजे ग्रिडच्या सरासरीने, मार्केट-बेस्ड म्हणजे करार आणि प्रमाणपत्रांनुसार. छतावरची वीज स्वतः वापरली तर दोन्हीकडे फायदा दिसतो, पण एका अटीवर: त्या विजेची प्रमाणपत्रे विकलेली नसावीत. विकली असतील तर 'आम्ही सौर वीज वापरतो' हे म्हणण्याचा हक्क विकत घेणाऱ्याकडे गेला. तेवढी वीज मार्केट-बेस्डमध्ये रेसिड्युअल मिक्सने (प्रमाणपत्रे विकलेली वीज वगळून उरलेल्या ग्रिडच्या सरासरीने), तो उपलब्ध नसेल तर ग्रिडच्या गुणकाने मोजा. वितरणातली गळती स्कोप २ मध्ये टाकू नका, ती स्कोप ३ च्या तिसऱ्या वर्गात (इंधन-विजेशी निगडित बाकी उत्सर्जन) जाते.

स्कोप ३ चे १५ वर्ग आहेत. सगळ्यांवर सारखा वेळ घालवू नका. बोल्टच्या कारखान्यात पहिला वर्ग, म्हणजे विकत घेतलेला माल, बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. कर्मचाऱ्यांच्या प्रवासाची प्रश्नावली आठवडे खाते आणि बेरजेत दिसतही नाही. पोलाद मात्र रुपये-युरोवरून नव्हे, टनांवरून मोजा. खर्चावर आधारित गुणक घेतले की पोलाद महागले त्या वर्षी उत्सर्जन वाढलेले दिसते आणि स्वस्त झाले की आपोआप घटते. त्यात खरे काहीच नसते.

आणि हो, गिरणीने पाठवलेले ते ईपीडी इथे उपयोगी पडते. त्यातले ए१ ते ए३ हे टप्पे (कच्च्या मालापासून गिरणीच्या दारापर्यंत) घ्या, डी (शेवटी भंगाराचा लाभ) नको. उलट, सीबॅमचा आकडा इथे टाकलात तर वीज आणि खाणकाम गळून कमी मोजले जाईल. एकाच रॉडचे दोन आकडे तुमच्या फायलीत असणार आणि दोन्ही बरोबर असणार. प्रत्येकाशेजारी हद्द लिहून ठेवा.

बोल्ट_निर्यात

फार उपयोगी माहिती, दोघांचेही आभार. दोन अडचणी. एका गिरणीने 'ही गोपनीय माहिती आहे' म्हणून आकडा नाकारला आहे. तसेच आयातदार म्हणतो की २०२६ मध्ये सीबॅम फक्त २.५ टक्के लागू आहे, मग २.३९ च्या २.५ टक्के म्हणजे टनाला ०.०६ प्रमाणपत्र. एवढ्यासाठी पडताळणीचा खर्च कशाला?

पडताळणी_टेबल

हा २.५ टक्क्यांचा गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो महागात पडेल, म्हणून सविस्तर सांगतो.

२.५ टक्के हे तुमच्या उत्सर्जनाला लावायचे नाहीत. युरोपातल्या उत्पादकांना ईटीएसमध्ये (उत्सर्जन परवान्यांच्या बाजारात) बेंचमार्कइतके, म्हणजे त्या मालासाठी ठरवलेल्या दर टन प्रमाण उत्सर्जनाइतके, परवाने मोफत मिळतात आणि ते टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. २०२६ मध्ये ९७.५ टक्के शिल्लक, २०२७ मध्ये ९५, २०२८ मध्ये ९०, २०२९ मध्ये ७७.५, २०३० मध्ये ५१.५ आणि २०३४ मध्ये शून्य. सीबॅममध्ये तुमच्या मालालाही तेवढीच सूट मिळते, पण बेंचमार्कवर. म्हणून गणित असे: अंतर्भूत उत्सर्जन वजा (बेंचमार्क × शिल्लक टक्केवारी).

समजा तुमच्या मालाला लागू बेंचमार्क १.४० आहे. (खरा आकडा सीएन कोड आणि उत्पादनमार्गाप्रमाणे पाहायचा.) मग २०२६ साठी २.३९ − १.४० × ०.९७५ = १.०२५ प्रमाणपत्रे दर टन. ०.०६ नव्हे. परवान्याचा भाव ८० युरो धरला तर टनाला ८२ युरो. २०३० मध्ये तोच माल २.३९ − ०.७२ = १.६७, आणि २०३४ पासून पूर्ण २.३९. बेंचमार्कच्या वरचा प्रत्येक टन पहिल्याच वर्षापासून पूर्ण भावाने मोजावा लागतो. २.५ टक्क्यांचा दर फक्त त्याच्या खालच्या भागाला आहे. आयातदाराने प्रमाणपत्रे कमी जमा केली तर टनामागे १०० युरोच्या घरात दंड आहे, आणि दंड भरूनही प्रमाणपत्रे द्यावीच लागतात.

गिरणीने आकडा दिला नाही तर आयातदाराला डिफॉल्ट मूल्य (नियमात ठरवून दिलेला आकडा) वापरावे लागेल. त्यावर २०२६ ला १० टक्के, २०२७ ला २० आणि २०२८ पासून ३० टक्के वाढ चढते. गिरणी खरोखर डिफॉल्टपेक्षा वाईट असेल तर ती गप्प का आहे हेही त्यातून कळते. गोपनीयतेचे कारण खरे असेल तर मार्ग आहे: गिरणीने इंधन, कोक, चुनखडीचा तपशील तुम्हाला द्यायचा नाही, फक्त पडताळलेला दर टन आकडा द्यायचा. सीबॅम नोंदणीत संयंत्रचालकाला स्वतः माहिती भरून ती निवडक घोषणाकर्त्यांना दाखवता येते. एवढेही नको म्हणणाऱ्या गिरणीशी पुढच्या करारात बोला, ईमेलवर वाद घालत बसू नका.

पडताळणीचा खर्च टाळता येत नाही. प्रत्यक्ष आकडे वापरायचे तर मान्यताप्राप्त पडताळणीकाराची सही लागते आणि पहिल्या वेळी तो कारखान्यात येऊन पाहतो. तेव्हा अडते ते बहुधा या ठिकाणी: गॅस मीटरचे कॅलिब्रेशन मुदतबाह्य, भट्टी आणि कँटीन एकाच मीटरवर, वजनकाट्याची नोंद आणि स्टॉक रजिस्टर जुळत नाही, महिनाअखेरचा चालू माल कुठेच धरलेला नाही. भट्टीला स्वतंत्र मीटर आत्ताच बसवा. वर्ष संपल्यावर मागच्या वापराची विभागणी करता येत नाही.

तुमच्या देशात सक्तीचा कार्बन कर किंवा ईटीएस असेल आणि त्यात प्रत्यक्ष रक्कम भरली असेल तर ती वजा होते. परतावा किंवा मोफत परवान्यांचा भाग सोडून. आणि त्याचा पुरावा स्वतंत्र व्यक्तीने प्रमाणित केलेला लागतो. स्वेच्छेने घेतलेली क्रेडिट यात मोजत नाहीत.

निवृत्त_क्रेडिट

क्रेडिटच्या मुद्द्यावर मी थोडे कठोर लिहिणार आहे, कारण नुकसान इथे नावाचे होते आणि ते भरून येत नाही.

तुमचा सल्लागार म्हणतो तसे 'उरलेल्याची क्रेडिट घेऊन टाका' केले तर काय मिळते ते पाहा. सीबॅममध्ये शून्य. जीएचजी प्रोटोकॉलच्या अहवालात वजावट नाही. क्रेडिट वेगळ्या रकान्यात दाखवायची, स्कोप १-२-३ ची बेरीज तशीच राहते. एसबीटीआयच्या (कंपन्यांची हवामान लक्ष्ये तपासणाऱ्या संस्थेच्या) लक्ष्यात घट म्हणून धरत नाहीत. आणि युरोपीय संघाच्या २०२४/८२५ या निर्देशाप्रमाणे २७ सप्टेंबर २०२६ पासून ऑफसेटच्या (क्रेडिट घेऊन केलेल्या भरपाईच्या) जोरावर ग्राहकांना 'हे उत्पादन कार्बन न्यूट्रल आहे' असे सांगण्यास बंदी आहे. म्हणजे बोल्टच्या खोक्यावर तो शिक्का छापला तर किरकोळ विक्री करणारा तुमचा ग्राहक अडचणीत येतो.

तरीही आपल्या घटीच्या पलीकडे मदत म्हणून क्रेडिट घ्यायची असतील, तर रजिस्ट्रीत जाऊन स्वतः पाहा: प्रकल्प क्रमांक, अनुक्रमांकांची रांग, व्हिंटेज वर्ष (घट ज्या वर्षी झाली ते) आणि निवृत्तीची (क्रेडिट वापरून कायमची रद्द केल्याची) नोंद तुमच्या कंपनीच्या नावाने व कारणासह. दलालाचे पीडीएफ प्रमाणपत्र म्हणजे निवृत्ती नव्हे. जुन्या व्हिंटेजची, ग्रिडला जोडलेल्या मोठ्या पवन-सौर प्रकल्पांची क्रेडिट स्वस्त मिळतात, कारण ते प्रकल्प क्रेडिटच्या पैशाशिवायही उभे राहिले असते. क्रेडिटचा दर्जा ठरवणाऱ्या आयसीव्हीसीएम या संस्थेने २०२४ मध्ये अक्षय विजेच्या प्रचलित पद्धतींना आपला दर्जाचा शिक्का नाकारला तो याच अतिरिक्ततेच्या मुद्द्यावर. जंगलाच्या क्रेडिटमध्ये बेसलाइन (प्रकल्प नसता तर किती जंगल गेले असते) कशी ठरवली आणि आग लागल्यास भरपाईच्या बफर साठ्यात किती ठेवले आहे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नेट झिरोबद्दल: संचालकांनी २०५० म्हटले, पण मधले वर्ष म्हटले नाही. एसबीटीआयच्या २०२१ च्या नेट झिरो मानकाप्रमाणे आधी ५ ते १० वर्षांचे जवळचे लक्ष्य लागते. १.५ अंशांच्या मार्गावर स्कोप १ व २ मध्ये आधारवर्षाच्या (ज्या वर्षापासून घट मोजतात त्याच्या) तुलनेत दरवर्षी सरळ रेषेत किमान ४.२ टक्के घट. स्कोप ३ एकूण उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांहून जास्त असेल तर त्याचेही लक्ष्य, किमान ६७ टक्के भाग धरून. तुमचा स्कोप ३ त्या रेषेच्या कितीतरी वर असणार. दीर्घकालीन लक्ष्यात साधारण ९० टक्के प्रत्यक्ष घट, आणि फक्त शिल्लक भाग हवेतून कायमचा काढून साठवून शून्य करायचा. म्हणजे तुमच्या नेट झिरोचा निर्णय छतावर नाही, खरेदी विभागात होणार आहे.

हरित_ताळेबंद

निवृत्त_क्रेडिट यांच्या शेवटच्या वाक्याला माझी एक पुरवणी आणि थोडा मतभेद. खरेदी विभागाला 'भंगाराच्या मार्गाचा रॉड घ्या' एवढाच आदेश दिला तर तुमचा आकडा उतरेल, पण जगात भंगार मर्यादित आहे; तुम्ही उचललेला टन दुसऱ्या कोणाला कमी पडतो. हाय टेन्साइल ग्रेडमध्ये तांबे-कथिलाचे अवशेषही पाहावे लागतात, शीर्ष ठोकताना तडे जातात. त्यामुळे मार्ग बदलण्याच्या जोडीला सध्याच्या गिरणीलाही कराराने बांधून घ्या. माझ्या मते कंपनीच्या खऱ्या हातभाराची जागा तीच आहे.

करारात हे असू द्या: दर कॅलेंडर वर्षाचा पडताळलेला आकडा पुढच्या वर्षी ठरलेल्या तारखेपर्यंत, प्रत्येक खेपेसोबत हीट नंबर आणि संयंत्राचे नाव (खेप व्यापाऱ्यामार्फत आली तरी), आकडा न दिल्यास डिफॉल्टमुळे वाढणारा प्रमाणपत्रांचा खर्च कोण सोसणार, आणि दर वर्षी किती घट, ती न झाल्यास भावात काय फरक. आयातदाराशीही असाच खुलासा हवा. सीबॅमचा खर्च भावात आहे की वेगळा, परवान्याचा भाव कोणत्या दिवसाचा धरायचा? २०२६ च्या आयातीला तिमाही सरासरी भाव लागतो आणि २०२७ पासून साप्ताहिक, तेव्हा 'चालू भावाने' एवढेच लिहिले तर भांडण ठरलेले.

आधारवर्ष लगेच गोठवू नका. गिरण्यांचे प्रत्यक्ष आकडे आले की पहिल्या वर्गातला तुमचा अंदाज बराच हलेल. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर आधारवर्ष पुन्हा मोजायचे, हे धोरण पहिल्या अहवालातच लिहा.

बोल्ट_निर्यात

समजले. भट्टीला वेगळा मीटर, दोन्ही गिरण्यांना मागणीपत्र आणि आयातदाराला ५० टनांचा प्रश्न या आठवड्यात करतो. व्यापाऱ्याकडचा रॉड सध्या एकूण वापराच्या सहाव्या भागाइतका आहे. त्याला डिफॉल्ट आणि बाकीला प्रत्यक्ष आकडा, असे मिश्र चालते का?

पडताळणी_टेबल

पूर्वमालाच्या पातळीवर चालते, पण प्रत्येक लॉटमध्ये कोणता रॉड गेला हे दाखवता आले पाहिजे, किंवा पूर्ण वर्षाच्या वापराची भारित सरासरी सर्व बोल्टना सारखी लावायला हवी. युरोपला जाणाऱ्या बोल्टना चांगला रॉड आणि इतरांना व्यापाऱ्याचा, अशी निवड फक्त कागदावर केली असेल तर पडताळणीकार हीट नंबर काढून तपासेल. व्यापाऱ्याचा साठा वेगळ्या रॅकवर ठेवा आणि त्याची वर्क ऑर्डर वेगळी काढा, त्याने काम भागेल.